दगडी चर्च विकणे आहे

विलायतेत जमीन-घरांच्या जाहिराती जिथे छापून येतात, तिथे अधूनमधून एक निराळीच जाहिरात दिसते. खेड्यातील जुने दगडी चर्च विकणे आहे. भोवती शेते, समोर दगडी भिंतीचे आवार, आवारात जुनी झाडे. वीज आहे, पाण्याचा नळ नाही, शौचालय नाही. इमारत वारसा यादीत असल्याने परवानगीवाचून खिडकीची काचही बदलता येणार नाही. दफनभूमी विक्रीत धरलेली नाही. आणि शेवटी ठरलेली ओळ असते, की राहते घर, कार्यालय किंवा कलादालन म्हणून वापरण्यास योग्य. ज्या जागेत पाचशे-सहाशे वर्षे बारशी झाली, लग्ने लागली, प्रेते ठेवून प्रार्थना झाली, ती जागा अशी चार ओळींत मांडलेली असते.

या जाहिराती आणि त्यांवरच्या बातम्या आता आपल्या तरुण मुलांच्या मोबाइलवरही फिरतात. त्यांच्याखाली कोणीतरी लिहिलेले असते, "बघा, त्यांचा देव संपला, आता जग बुद्धाकडे चालले." वाचणारे खूश होऊन तो मजकूर पुढे धाडतात. आम्हाला ही खुशी मुळीच पटत नाही. रिकाम्या पडलेल्या प्रार्थनाघराकडे पाहून हसण्याचा अधिकार ज्यांना सर्वांत कमी आहे, त्यांत आपला नंबर वरचा लागतो. पण त्याआधी ही चर्चे कोणी बांधली आणि ती ओस का पडली, हे थोडे नीट समजून घेऊ.

इंग्लंडच्या खेड्यातील चर्च हे तिथल्या मातीतल्या दगडाचे असते. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत ते मधासारख्या पिवळसर चुनखडीचे, नॉरफोकमध्ये गारगोटीचे, यॉर्कशायरमध्ये काळवंडलेल्या वालुकाश्माचे. एका टोकाला मनोरा, त्यात घंटा, आत लाकडी बाके, दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. भिंतीवर १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात मेलेल्या गावच्या पोरांची नावे कोरलेली. कुठल्याही खेड्यात जा, ही नावांची पाटी बहुधा असतेच, आणि एकाच आडनावाचे दोन-तीन भाऊही तिच्यावर सापडतात.

हे दगड काही आकाशातून पडले नाहीत. शेतकऱ्याने पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, असा कायदाच होता. त्याला दशांश म्हणत. धान्य, लोकर, कोंबडी-डुकरांपर्यंत सगळ्याचा दहावा वाटा जाई. १८३६ मध्ये त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले आणि १९३६ च्या कायद्याने ती पद्धत मोडीत निघाली. म्हणजे गावचा जमीनदार आपल्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर लावून गेला, तरी भिंत उभी राहिली ती कुळांच्या घामावर. आणि त्या कुळांना बसायला जागा कुठे होती? पुढची बाके जमीनदारांची आणि व्यापाऱ्यांची. कित्येक चर्चमध्ये बाकांना वार्षिक भाडे असे, काही बाकांना तर दार आणि कडी. गरिबांनी मागे, कडेला, फुकटच्या फळ्यांवर बसायचे. १८३९ च्या उन्हाळ्यात मताचा हक्क मागणारे चार्टिस्ट कामगार रविवारी जथ्याने चर्चमध्ये शिरले आणि मोठ्या लोकांच्या बाकांवर जाऊन बसले. वाचकांना १९३० सालचे काळाराम मंदिर आठवेल. फरक एवढाच, की त्या कामगारांना दार तरी उघडे होते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. कारखाने आले आणि खेड्यांतील माणसे शहरांकडे गेली. जी राहिली त्यांची श्रद्धा ओसरली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. कोणताच धर्म नाही असे ३७.२ टक्क्यांनी लिहिले. स्कॉटलंडमध्ये तर २०२२ च्या गणनेत निधर्मी निम्म्याहून अधिक झाले. तिथले राष्ट्रीय चर्च आज आपल्या इमारती मोठ्या संख्येने विक्रीस काढत आहे. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे सोळा हजार चर्चे आहेत आणि त्यांतील बारा हजारांहून अधिक वारसा यादीत आहेत. एकेका धर्मगुरूकडे कुठे पाच, कुठे दहा गावे. प्रत्येक धर्मग्रामातील चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना झालीच पाहिजे, असा १६०३ पासूनचा नियम होता, तो २०१९ मध्ये त्यांनी सैल केला. नियम पाळायला माणसेच उरली नव्हती.

छत गळते. मनोऱ्याच्या सांध्यांत झाडे उगवतात. छपरावरचे शिसे चोर रातोरात उचकटून नेतात. वटवाघळे शिरली तर तिथल्या कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. मग दर रविवारी वेदीवर चादर टाकायची आणि प्रार्थनेआधी झाडून घ्यायचे. हे काम कोण करते? गावातील सात-आठ म्हाताऱ्या बाया. फुले कोणी आणायची, पितळी मेणबत्तीदाण्या कोणी घासायच्या, चहा कोणी करायचा, याची त्यांची पाळी ठरलेली असते, आणि ती यादी दाराशी टाचलेली असते. आम्हाला वाटते, खेड्यातील चर्चचा खरा खांब म्हणजे ही यादी. तीवरचे शेवटचे नाव गळाले की मग बिशपचे पत्र येते.

त्यानंतर जे घडते ते मात्र लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये एखादे चर्च बंद करायचे, तर कोणी एका माणसाने कुलूप लावून चालत नाही. आधी धर्मग्रामाची समिती ठराव करते, बिशप त्यावर विचार करतो, मग चर्च कमिशनर नावाच्या मध्यवर्ती मंडळाकडे कागद जातात. तिथून जाहीर नोटीस निघते आणि गावातील कोणीही, अगदी चर्चची पायरी कधी न चढलेला माणूसही, हरकत लिहून पाठवू शकतो. हरकतींचा विचार झाल्यावरच निर्णय. चर्च बंद झाले की त्याला योग्य असा नवा वापर शोधतात. पैसा जास्त देणारा दिसला म्हणून लगेच विकून टाकत नाहीत. जागेला न शोभणारा धंदा तिथे चालू नये, अशा अटी खरेदीखतात घालतात. वेदी, कुंड, घंटा दुसऱ्या चर्चला देतात. आणि आवारात ज्यांची माणसे पुरली आहेत, त्यांचा थडग्यावर येऊन फूल ठेवण्याचा हक्क विक्रीनंतरही राखून ठेवतात. घर झालेल्या चर्चच्या अंगणात एखादी म्हातारी रविवारी फुले घेऊन येते आणि नव्या मालकाने तिला वाट द्यायची असते.

१९६९ पासून अशी जवळजवळ दोन हजार चर्चे बंद झाली. फार मोलाची पण ग्राहक न मिळालेली चर्चे सांभाळायला त्याच वर्षी एक निधी उभा राहिला. आज त्या संस्थेकडे साडेतीनशेहून अधिक चर्चे आहेत. नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये ऑल्डविंकल नावाचे खेडे आहे. ड्रायडन या इंग्रज कवीचे हे जन्मगाव. तिथल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये २०१४ पासून या संस्थेने एक नवलाचा प्रयोग चालवला, की पैसे भरा आणि रात्री चर्चमध्ये खाट टाकून झोपा. येणाऱ्याच्या पैशातून छत शाबूत राहते. हे वाचून आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. इमारत राहावी म्हणून माणसे काय काय करतात! इतरत्र कुठे चर्चमध्ये गावचे टपाल कार्यालय आले, कुठे वाण्याचे दुकान. ब्रिस्टलमध्ये एका चर्चमध्ये सर्कशीची शाळा आहे, तर दुसऱ्यात दोर बांधून भिंती चढायला शिकवतात.

आणि काही ठिकाणी धर्म बदलून प्रार्थनाच राहिली. लंडनच्या ब्रिक लेनवरील इमारत यासाठी प्रसिद्ध आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांनी ती चर्च म्हणून बांधली. पुढे मेथडिस्टांनी ती वापरली, १८९८ मध्ये ती ज्यूंचे सिनेगॉग झाली, आणि १९७६ पासून तिथे बांगलादेशी मुसलमानांची जामे मशीद आहे. त्या त्या काळात त्या वस्तीत जो गरीब परदेशी आला, त्याने तीच भिंत आपली मानली. १७४३ चे सावलीचे घड्याळ आजही भिंतीवर तसेच आहे. ते उखडावे असे ना ज्यूंना वाटले ना मुसलमानांना.

बौद्धांनीही तिकडे अशा जागा घेतल्या. शेफील्ड शहरातील वॉकली भागात एका जुन्या कॅथलिक चर्चमध्ये आज बौद्ध केंद्र आहे. वोकिंगजवळ नाफिल येथे एका मोठ्या मनोरुग्णालयाचे जुने चॅपल थाई बौद्धांनी घेतले. तिथे आता पिवळ्या चीवरातील भिक्खू राहतात. शेफील्डचे केंद्र ज्या संघाचे, तो आपल्याला परका नाही. नागपुरात ६ डिसेंबर १९५६ च्या त्या काळ्या दिवशी शोकाने सैरभैर झालेल्या समाजाला ज्यांनी धीर दिला, त्या इंग्रज भिक्खू संघरक्षितांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये हा संघ स्थापन केला. त्याचीच भारतातील शाखा त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण म्हणून पुण्या-नागपूरच्या घराघरांत ठाऊक झाली. या संघातील तरुण इंग्रज मुलामुलींनी लंडन, शेफील्ड, मँचेस्टरच्या गल्ल्यांतून संध्याकाळी दारोदार फिरून महाराष्ट्रातील वसतिगृहांसाठी आणि दवाखान्यांसाठी पैसा गोळा केला. ज्या दारांवर त्यांनी टकटक केली, त्या दारांत दर रविवारी चर्चला जाणारेही अनेक उभे असणार. त्यांनी खिशात हात घातला तेव्हा आमच्या मुलांचा धर्म विचारला नाही. म्हणूनही आम्हाला ती मोबाइलवरची खुशी बोचते.

दुसरे कारण अधिक जुने आहे. प्रार्थनेची दगडी घरे ओस पडणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? सह्याद्रीच्या कड्यांत हजारावर लेणी कोरली गेली. ती राजांनी कोरवली तशी सुतारांनी, सोनारांनी, अत्तरविक्यांनी, शेतकऱ्यांनी आणि भिक्खुणींनीही दान देऊन कोरवली. त्यांची नावे भिंतीवर आहेत. पुढे संघ विखुरला, वर्षावासाला कोणी येईनासे झाले, आणि लेण्यांत गुरे बसू लागली. मग एकेक लेणे दुसऱ्याचे झाले. जुन्नरजवळ लेण्याद्रीचे सातवे लेणे म्हणजे भिक्खूंचा विहार. आज ते अष्टविनायकांतील एक देवस्थान आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे. नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, जणू तिथे कधी भिक्खू राहिलेच नाहीत. हे दुःख फक्त आपलेच, असेही नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात शिवाची पूजा होती, सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचेच चर्च केले.

यांतल्या कुठल्या ठिकाणी जाहीर नोटीस निघाली होती? कोणी हरकती मागवल्या होत्या? थडग्याला फूल वाहण्याचा हक्क इंग्रज म्हातारीला कागदावर लिहून मिळतो. बुद्धगयेच्या महाविहारात मात्र १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापनच अर्धे दुसऱ्यांच्या हाती ठेवले, आणि तो कायदा बदला म्हणून २०२५ मध्ये भिक्खूंना उपोषणाला बसावे लागले. विक्री वाईटच, पण सांगून-विचारून, अटी घालून, जुन्याचा मान राखून झालेली विक्री आणि निमूट झालेला कब्जा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखाची आठवण इथे दिल्यावाचून राहवत नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तिथे भिक्खूंसाठी लेणे कोरवले. पण लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव केली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कोणी परत घ्यायचे नाही, व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या चीवरांचा खर्च भागवायचा. हा सगळा करार त्याने भिंतीवर कोरून ठेवला. इंग्लंडच्या कितीतरी खेड्यांना जे सुचले नाही, ते या माणसाला सुचले होते, की बांधण्याचा खर्च एकदाच येतो, चालवण्याचा दरवर्षी येतो.

आता आपल्या वस्तीकडे वळू. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपण महाराष्ट्रभर विहार बांधले. रोजंदारीवर जाणाऱ्या बायांनी वर्गणी दिली, तरुणांनी वाळू-विटा उचलल्या, १४ एप्रिलच्या जमाखर्चातून उरलेले पैसे फरशीला लावले. मूर्ती कोणी थायलंडची आणली, कोणी जयपूरची. मोठ्या थाटात लोकार्पण झाले आणि मान्यवरांच्या नावांची संगमरवरी पाटी बसली. पण यांतले कितीतरी विहार आज फक्त बुद्ध पौर्णिमा, आंबेडकर जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि महापरिनिर्वाण दिनालाच उघडतात. एरवी किल्ली कोणाकडे आहे हे विचारीत चार घरे फिरावे लागते. रविवारच्या वंदनेला मोजकी माणसे येतात आणि त्यांत बहुतेक पांढऱ्या साड्या दिसतात. त्याच माता-भगिनी विहार झाडतात, समई घासतात, खिरीचे पातेले चढवतात. विश्वस्तांच्या यादीत मात्र त्यांचे नाव शोधावे लागते. इंग्रज म्हाताऱ्यांची पाळीची यादी निदान दाराला टाचलेली तरी असते!

दुसरी गोष्ट कागदांची. हा विषय रुक्ष आहे, पण भांडण याच पानावर होते. अनेक विहार बांधले गेले ते समाजमंदिराच्या नावाने, सरकारी निधीतून, ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जागेवर. गावच्या नमुना आठवर मालक म्हणून ग्रामपंचायतीचे नाव असते. आपण मात्र पंचरंगी ध्वज लावून समजतो की हे आपले. काही विहार एखाद्या उपासकाने दिलेल्या जागेवर आहेत. त्यांनी भल्या मनाने जागा दिली, पण बक्षीसपत्र केले नाही. त्यांच्यामागे सातबारावर मुलांची नावे लागतात, आणि नातवाच्या वेळी जागेला भाव आलेला असतो. शहरांत चाळी पाडून टॉवर उभे राहतात तेव्हा नकाशात विहाराची जागा कुठे दाखवली आहे, हे पाहायला कोणी जात नाही. मागाहून जिन्याखालची एक खोली हाती येते.

जिथे नोंदणीकृत न्यास आहे तिथे थोडे बळ असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. पण ती मिळकत न्यासाच्या नोंदवहीत, ज्याला कचेरीत पीटीआर म्हणतात, तिच्यात चढलेली असली पाहिजे. विश्वस्त वारले तर नवे विश्वस्त नेमल्याचा चेंज रिपोर्ट दाखल केलेला असला पाहिजे. आम्हाला असे न्यास माहीत आहेत, ज्यांच्या नोंदवहीवरील पाचही विश्वस्त केव्हाच निवर्तले आहेत. कागदावर तो विहार आज मृत माणसे चालवीत आहेत.

कोणी म्हणेल, बुद्ध मूर्तीत नाही, विटांत तर नाहीच, मग एवढी काळजी कशाला? तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण सहा-सात वर्षांची मुले तत्त्व ऐकायला येत नाहीत. ती येतात ती ओळखीच्या जागेत, ओळखीच्या सतरंजीवर, शेजारच्या मुलांबरोबर सरणत्तय म्हणायला. विलायतेत आधी मुलांचा रविवारचा वर्ग बंद पडतो, चर्च विकले जाते ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

पुढील महिन्यात या सदरात आम्ही वाचकांकडून आलेली माहिती छापू इच्छितो. आपल्या वस्तीतील विहार कोणत्या साली बांधला, जागा कोणाच्या नावावर आहे, किल्ली कोणाकडे असते, रविवारी किती माणसे जमतात आणि विश्वस्तांत स्त्रिया किती, एवढे लिहून पाठवावे. सातबारा, नमुना आठ किंवा मिळकत पत्रिकेची झेरॉक्स जोडल्यास उत्तम. ज्या भगिनी विहार झाडतात त्यांची नावे आवर्जून लिहावीत, पत्रात प्रथम तीच असावीत.